आधी बघायचं, मग ऐकायचं

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा जिवंत माणसांवर काडीचा विश्वास नाही. जगात खरं बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे मेलेला, असं त्या चारचौघांत सांगतात, आणि सांगण्याची वेळ अशी साधतात की वाढपी नेमका जिलबी घेऊन पुढ्यात उभा असतो. आमच्या घरात त्या सून म्हणून आल्या तेव्हा मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, सून डॉक्टर मिळाली म्हणून गल्लीभर पेढे वाटले. कशाची डॉक्टर हे मात्र विचारायचं राहून गेलं. लोक हौसेनं डोळ्यांचं शिकतात, बाळंतपणाचं शिकतात, कोणी हाडांचं शिकून दोन मजले चढवतं. जाऊबाईंनी हौसेनं न्यायवैद्यक घेतलं. सूनबाई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन करतात हे गल्लीला कळलं तेव्हा पेढे पचून गेले होते, पण कित्येकांना ते नव्यानं बाधले.

आमच्या आत्याबाईंनी (वऱ्हाडात आम्ही सासूला आत्याबाईच म्हणतो) लगेच नियम केला. मुडद्याला हात लावून आलेल्या सुनेनं पुढच्या दारानं घरात यायचं नाही. मागच्या बोळातून यायचं, टाक्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. मी तेव्हा नवी नवी होते आणि मनातून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शिकलेल्या जावेला एवढा तरी जाच असावा. जाऊबाई म्हणाल्या, दवाखान्यातून त्या आंघोळ करूनच निघतात, पण आणखी एकदा करायला त्यांची ना नाही. मागच्या दारानं येतील, फक्त चोरासारख्या येणार नाहीत. त्या दिवसापासून त्या बोळाच्या तोंडापासूनच खड्या आवाजात भूपाळी सुरू करत. भरदुपारी, ऊन डोक्यावर असताना, देवाला उठवत उठवत टाक्यापर्यंत यायच्या आणि आंघोळ संपेपर्यंत थांबायच्या नाहीत. गळा त्यांना देवानं दिलेला नाही. शेजारच्या काकू भूपाळी ऐकली की घरात सांगायच्या, आज डॉक्टरीणबाईकडे केस होती वाटते. आत्याबाईंना जे झाकायचं होतं ते गल्लीच्या तोंडपाठ झालं.

कामाच्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट, आधी बघायचं, मग ऐकायचं. पोलीस कागद वाचून दाखवायला लागले की त्या हात वर करतात. माणूस कसा मेला हे गावाला आधीच ठाऊक असतं, नातेवाइकांना तर त्याहून आधी ठाऊक असतं, आणि एकदा का ते कानात शिरलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आधी टेबलावरचा माणूस बघायचा, मग बाहेरच्यांचं ऐकायचं. दवाखान्यात हे ठीक होतं. घरात एकदा लोणच्याची बरणी फुटली तेव्हा हाच कायदा आम्हाला लागू झाला. मी मांजराचं नाव घेतलं, मुलांनी एकमेकांची घेतली, मामाजींनी वाऱ्याचं घेतलं. जाऊबाईंनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं, पर्समधून भिंग काढलं आणि फरशीवर ओणव्या झाल्या. बरणी पडली नव्हती, आडवी लोटली गेली होती. फोडी वेचून खाल्लेल्या होत्या, मांजर मोहरी खात नाही आणि वाऱ्याला कैरी आवडत नाही. मग त्यांनी मामाजींचा उजवा हात हळूच हातात घेतला. रक्तदाबापायी मामाजींचं लोणचं बंद होतं. "मामाजी," त्या म्हणाल्या, "तुमाले खोटं बोलणं जमते. तुमच्या नखाले नाही जमत." मामाजींनी दिवसभर तो हात उपरण्याखाली ठेवला.

त्यांच्या विषयाचा इतिहासही त्यांना असाच अवेळी आठवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका बासुंदीच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या. बासुंदीवर एक माशी घोंगावली आणि जाऊबाई खुलल्या. फार जुन्या काळी चीनमध्ये एका खेड्यात विळ्यानं खून झाला. तपासाला आलेल्या अधिकाऱ्यानं गावातल्या सगळ्यांना आपापला विळा उन्हात जमिनीवर ठेवायला लावला. सगळे विळे धुतलेले, लखलखीत. पण माश्या येऊन बसल्या त्या एकाच विळ्यावर. माणसाला दिसलं नाही ते रक्त माशीला कळलं. आपल्याकडेही, त्या पुढे म्हणाल्या, राजेरजवाड्यांच्या काळात अचानक मेलेल्याच्या अंगाला तेल लावून तपासायची रीत होती. तोवर सगळ्या वाट्या खाली ठेवल्या गेल्या होत्या. जाऊबाईंनी स्वतःची संपवली आणि दुसरी घेतली.

एक गोष्ट मात्र दवाखान्यात डबा द्यायला गेल्यावर मी दारातून पाहिली नसती तर माझा विश्वास बसला नसता. ज्या बाईला ब्लाउजचं हूक धड लावता येत नाही, ती मेलेल्या माणसाला टाके घालते ते किती बारीक. सुरुवातीला त्याला विचारते, "चला दादा, सांगा आता." शेवटी सगळं जागच्या जागी ठेवून शिवते, अंग पुसते, केसांवरून हात फिरवते. इतकी मेहनत कशाला, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, आता याला घेऊन घरी जातील, आणि याची आई शेवटचं बघेल ते मी ठेवलेलं बघेल.

हे सगळं मला हसत हसत सांगता येतं. पुढचं सांगताना अजून राग येतो.

दोन वर्षांमागचा श्रावण होता. मी दुपारचा डबा द्यायला दवाखान्यात गेले तर फाटकाबाहेर माणसंच माणसं. फुलसावंगीच्या वाटेवरच्या एका तांड्यावरचा तरुण मुलगा पहाटे पोट धरून उठला, ओकला आणि दवाखान्यात आणेपर्यंत गेला. लग्न त्यानं स्वतःच्या पसंतीनं केलं होतं. मुलगी दुसऱ्या गावची, त्याच्या काका-मामांना पहिल्यापासून खुपणारी. रात्री भाकर तिच्या हातची खाल्ली होती. पोट दुखलं, उलटी झाली, म्हणजे भाकरीत काही कालवलं, हे सूर्य उगवायच्या आत सगळ्यांचं ठरून गेलं होतं. ती पोरगी लिंबाच्या झाडाखाली, शेजारी एक महिला पोलीस, खाली मान घालून बसली होती. गर्दीतून काय काय येत होतं ते मी लिहिणार नाही.

जाऊबाईंनी नेहमीप्रमाणे कागद ऐकायला नकार दिला आणि आत गेल्या. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा आमच्या तालुक्यातले एक पुढारी, ज्यांना लहानथोर नुसतं भाऊ म्हणतात, व्हरांड्यात वाटच पाहत होते. मुलाचा काका त्यांचा माणूस. भाऊंचं आमच्या घरी येणं-जाणं, मामाजींच्या साठीला त्यांनीच शाल घातलेली. ते आवाज खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, लोकं तापले हायेत. पोरीनंच केलं हे सगळ्याले माहीत हाय. तुमी फकस्त पोलिसाले तोंडी सांगा, जहर हाय म्हून. कागद यायचा तवा येईल."

"सगळ्याले माहीत हाय तर मले कायले बोलावलं?" जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांना ओलांडून पुढे गेल्या.

त्या गेल्या मुलाच्या आईकडे. म्हातारी पायरीशी मातीत बसली होती आणि इतक्या गडबडीत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. जाऊबाई तिच्याजवळ खाली बसल्या. तांड्यावर आईला याडी म्हणतात, तशी त्यांनी तिला हाक मारली. "याडी, पोट दुखलं, उलटी झाली, हे मले सगळे सांगून राह्यले. त्याचे डोये कसे होते ते तू सांग."

म्हातारी म्हणाली, डोळे उघडतच नव्हता. पापण्या वर केल्या तरी खाली पडत होत्या. तिला वाटलं, पोराला झोप येतेय. मग जीभ जड झाली, पाणी पाजलं तर ते गालावरून खाली आलं. रात्री भाकर खाऊन तो रोजच्यासारखा जमिनीवरच झोपला होता.

जाऊबाईंनी तिचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मुलाच्या कानामागे केसांत दोन बारीक टोचे आहेत, सापाचे. मण्यार झोपेत चावते, चावल्याचं कळत नाही, सूज येत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या गळतात. पोटातले नमुने प्रयोगशाळेत जातील, कागद आल्यावर त्या लेखी मत देतील. तोवर जहर हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी काढून दाखवावा.

काका ओरडायला लागला, डॉक्टरीण विकली गेली म्हणून. भाऊंनी फक्त गर्दीकडे पाहिलं. एक दगड आला आणि जाऊबाईंच्या स्कुटीचा आरसा फुटला. मी त्यांचा पदर ओढला, आत चला म्हटलं. त्या सरळ फाटकापर्यंत चालत गेल्या, दगड उचलला, पर्समधून भिंग काढलं, दगड उलटासुलटा करून पाहिला आणि मान वर करून शांतपणे विचारलं, "तुमच्यात डावखुरा कोन हाय?"

सगळी गर्दी एकमेकांचे हात बघायला लागली. दोघा-तिघांनी हात खिशात घातले. मागचे लोक कोण ते बघायला पुढे रेटायला लागले आणि पुढचे मागे सरकायला, आणि त्या गोंधळात चढलेला पारा कुठल्या कुठे उतरला. घरी येताना मी विचारलं, दगडावरून हात कसा ओळखता. "नाहीच ओयखता येत," त्या म्हणाल्या. "जिवंत मानसाशी बोलाचं असलं का मी बी खोटं बोलते."

ते मागून. तेव्हा फाटकाशी गोंधळ चालू असताना म्हातारी उठली होती. लिंबाखाली गेली, सुनेच्या अंगाला अंग लावून बसली आणि आपल्या पदराचं टोक तिच्या डोक्यावर ओढलं. पुढे प्रयोगशाळेचा कागद आला. विष सापडलं नाही, जाऊबाईंनी सर्पदंश असं लेखी मत दिलं. त्या दोघी अजून एकाच घरात राहतात.

पण तो कागद यायच्या आधी जाऊबाईंच्या बदलीचा आला. वणीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कारण कोणी सांगितलं नाही, आणि आम्हाला कोणाला विचारायची गरजही वाटली नाही. मामाजी म्हणाले, ते भाऊंकडे जाऊन येतात, एक शब्द टाकला की काम होईल, थोरलीनं फक्त सोबत यावं आणि झालं-गेलं विसरा म्हणावं. जाऊबाई पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाल्या, "माफी मागाले माही ना नाही. पण बोलला तो पोरगा होता, मी नुसतं ऐकलं. त्याचं बोलणं मी कशी वापस घेऊ?" आणि मग, आम्ही सगळे रडवेले झालेले पाहून, "आन् वणीत काय लोकं मरत नाहीत काय? कोयशाच्या गाड्या हायेत, मोठा रस्ता हाय. काम भरपूर हाय."

निघायच्या दिवशी त्या सवयीनं बॅग घेऊन मागच्या दाराकडे वळल्या. आत्याबाई आडव्या आल्या. इतक्या वर्षांत ज्यांनी एकदाही टाक्याचा नियम मोडू दिला नाही, त्या पुढचं दार सताड उघडून उभ्या राहिल्या. "इकून जा," म्हणाल्या. "आन् येशील तवा बी इकूनच ये. केस करून आली असशील तरी." जाऊबाई त्यांच्या पाया पडल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले. गल्लीच्या टोकाला गेल्यावर मात्र भूपाळी ऐकू आली. बेसूर, खडी, कोणाच्या बापाला न भिणारी.

आता त्या शनिवारी येतात, तेही काम नसलं तर. बोळ मुका झाला आहे. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, दुपारी झोपच लागत नाही. हळदीकुंकवाला बासुंदी उरत नाही आणि ती उरत नाही याचं मला वाईट वाटतं, यावर माझाच विश्वास बसत नाही.

बुधवारी स्वयंपाकघरात पुन्हा बरणी फुटली. मी फडकं घेऊन पुसायला वाकले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. त्यांनी मोठी टोपली आणली, फुटक्या बरणीवर पालथी घातली आणि म्हणाल्या, "कोनी हात लावू नोका. थोरली येईल, पाहील." मुंग्या लागल्या आहेत, घरभर लोणच्याचा वास आहे, टोपलीला वळसा घालून आम्ही सगळे ये-जा करतो. मामाजींनी काल सकाळी घाईघाईनं नखं कापली. कोणी कोणाला काही विचारत नाही. उद्या शनिवार आहे, आणि पुढचं दार मी आजच धुऊन ठेवलं आहे.