पालखीच्या दिवशी ठेवलेला कार्यक्रम

आमचा बँड तीन वर्षं बंद होता आणि तो मीच बंद पाडला होता. हे सांगायची आता लाजही वाटत नाही, नुसता कंटाळा येतो.

आम्ही चौघं. गाणारी सावर्ड्याला शाळेत शिकवते, गिटारवाला रत्नागिरीत मोबाइल दुरुस्त करतो, ड्रमवाला चिपळूणकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर. मी बेस वाजवतो, गाणी लिहितो, उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं. चिरेखाणीच्या धुळीवरचं आमचं गाणं फोनाफोनी फिरलं आणि कॉलेजं बोलवायला लागली. रॉक ऐकायला आलेल्या पोरांना मी प्रत्येक गाण्याआधी भाषण द्यायचो. पत्रकावर चौघांचा फोटोही छापला, कोणाला न विचारता. तो कारखान्यातल्या साहेबाच्या टेबलावर पोचला. ड्रमवाल्याला महिनाभर घरी बसवलं. त्यानंतर त्याने माझा फोन उचलणं सोडलं. मी त्याला भित्रा म्हटलं. दुसऱ्याच्या नोकरीवर शूर होणं सोपं असतं.

यंदा गाणारीने त्याला गाठलं. "एकदा वाजवून बघू," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या ड्रमवाल्याला घेऊन बघितलं होतं, जमलं नव्हतं. तो आला तर बँड, नाहीतर नाही. मी लगेच हॉल ठरवला, पोस्टर छापून शहरभर लावले. मग त्याचा फोन.

"तारीख कोणी ठरवली?"

"मी. हॉल तेवढाच दिवस मोकळा होता."

"त्या दिवशी आमच्या घरी पालखी येते रे."

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. कुठल्या दिवशी कुठली वाडी, हे गावाने ठरवलेलं असतं. त्या दिवशी मुंबईचेसुद्धा रजा टाकून घरी असतात. हे मला ठाऊक आहे. पण आम्ही बौद्ध. आजोबांच्या वेळी पालखी आमच्या वाडीच्या अलीकडूनच वळायची. ती तारीख माझ्या डोक्यात कधी नसतेच.

तरी मी तोंड उघडलं. "घरात भाऊ आहे ना? तू नसलास तर देवाचं काय अडतं?"

"मेल्या, जयंतीला ठेवला असतास कार्यक्रम?"

जयंतीला मी सकाळपासून चौकात असतो, कोणी काही म्हणो.

"तुझा दिवस तो विचार, माझा दिवस ती अंधश्रद्धा," तो म्हणाला. चिडून नाही. चिडला असता तर मला भांडता आलं असतं.

हॉल सोडला. पोस्टर काढत दोन दिवस उन्हात फिरलो. गिटारवाला सोबत होता. म्हणाला, "तुला लावताना लई वेळा बघितलाय, काढताना पहिल्यांदाच."

नवी तारीख ड्रमवाल्याने दिली. सावर्ड्याला ओळखीच्या काजूवाल्याची शेड मिळाली. माणसं थोडीच आली. पालखी नाचवून ड्रमवाल्याचे खांदे भरून आले होते, त्यामुळे धुळीचं गाणं कधी नव्हे एवढं संथ गेलं. वाईट वाटलं नाही ऐकायला.

मागून कोणीतरी ओरडलं, "भाषण कधी?"

"आज त्याला सुट्टी आहे," गाणारी माइकवर म्हणाली. ड्रमवाला हसला. तीन वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

आवराआवर करून तो निघाला. एसटीत बसल्यावर त्याने माझ्या फोनवर पुढच्या महिन्याच्या शिफ्टचा तक्ता पाठवला. खाली एक ओळसुद्धा नाही. सुट्टीचे दिवस चारच होते. मी ते बाकी दोघांना पाठवले आणि विचारलं, यातला कुठला चालेल.