सरळ साग न विकणारे चाचा

खांब गावच्या चाचांनी मला कधी एकही सरळ साग विकला नाही. पेणला माझी लाकडाची वखार आहे; हातगाडी ओढत सुरुवात करून मी ती उभी केली. जंगलमालकांना बोलण्यात गुंडाळून भाव पाडावा तर मीच. पण चाचांच्या डोंगरउतारावर माझी मात्रा चालायची नाही.

सागाची पानं झडली की चुन्याचं डबडं घेऊन चाचा पुढे, मी मागे. विकायच्या झाडाला ते चुन्याचं बोट लावायचे. वाकलेलं, फाटे फुटलेलं, शेजाऱ्यावर रेललेलं झाड दिसलं की बोट लागलंच. सुतासारखा साग आला की चाचा न थांबता पुढे.

"चाचा, सगळा कचरा माझ्याच गळ्यात?" मी ओरडायचो.

"सरळ झाडाचं बी खाली पडू दे, शेट. सरळ तेवढी तू नेलीस, तर मागं वाकड्यांचीच औलाद ऱ्हाईल."

"आणि वाकडी घेऊन मी काय करू?"

"तुकडे कर. वाकडं झाड तुकड्यात सरळ व्हतं. जोह्याच्या गणपती कारखान्यांना मूर्तीखाली पाट नाय लागत?"

चिडून तसं केलं. त्या पाटांवरच वखार तरली. चाचांना मात्र सांगितलं, "तोटा झाला."

"मग पुढल्या साली नको येऊ," म्हणाले आणि हसत सुटले.

एकदा तर मी तणतणत उतार उतरू लागलो. वरून हाक आली, "अर्धं भांडण टाकून जातोस व्हय? पन्हं पी, मग भांड!"

मागल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. दोन्ही मुलगे आखातात. मला म्हणाले, "सरळ झाडांवर आता तुझी नजर ऱ्हाऊ दे. तोडायला नाय, राखायला."

"मला फुकटचा राखणदार करताय?"

"घासाघीस नको. व्हय म्हण."

मी हो म्हणालो.

चाचा गेले आणि मुलांनी सगळं जंगल उक्तं रोह्याच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकलं. मला कळलं तेव्हा ट्रक भरून गेले होते. फोनवर मी भडकलो, "अरे, मला विचारायचं तरी!"

थोरला म्हणाला, "काका, तुम्ही भाव पाडला असता."

मी भाव सांगणारच नव्हतो, हे त्याला कसं कळणार?

हल्ली मालक मोबाईलवर झाडांचे फोटो पाठवतात. 'शेट, तुम्ही म्हणाल तो भाव.' सौदा बसल्या जागी होतो. पानं झडू लागली की मात्र मला राहवत नाही. वखारीतल्या माणसांवर उगाच ओरडतो. ती मुकाट ऐकून घेतात. उलट कुणीच बोलत नाही.