सबख्यावर सैल झालेली साखळी

आमच्या घरी कोकमाला गुंडाळून पत्रकं यायची. रत्नागिरीहून कुणी दुबईला निघालं की मामू त्याच्या हाती कोकमाची पिशवी द्यायचा आणि पिशवीभोवती कामगार युनियनची पत्रकं लपेटलेली असायची. अम्मी ती मला वाचायला द्यायची, मग गॅसवर जाळायची. असलं काही घरात सापडलं तर व्हिसा खलास, म्हणायची. लालसर डाग पडलेल्या त्या कागदांवरच मी मराठी वाचायला शिकले. मालकाला घाबरू नका, असं जवळजवळ प्रत्येक पत्रकात असे. भीती माणसाच्या अंगात कुठे बसलेली असते, ते मात्र कुठल्याच पत्रकात नव्हतं. ते मी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी, हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी पाहिलं.

अब्बा रास अल खोरच्या एका गॅरेजात मेकॅनिक होते. गॅरेज वाळवंटात पर्यटकांना फिरवणाऱ्या एका कंपनीचं होतं; तिच्या क्वाड बाइक, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटारसायकली, त्यांच्याकडे असायच्या. त्या वर्षी कंपनीने कुठल्यातरी बर्फाच्या देशातून जुन्या क्वाड आणल्या. खोक्यांतून बर्फावर घसरू नये म्हणून टायरला लावायच्या साखळ्याही निघाल्या. गॅरेजभर हशा पिकला. "उस्ताद, बर्फ किधर है? फ्रीजर में चलाओगे क्या?"

मग पाऊस झाला. रस्ता आणि कंपनीचा कॅम्प यांच्यामध्ये सबखा होता, म्हणजे खारट सपाट जमीन. उन्हाळ्यात ती सिमेंटसारखी असते. पाऊस पडला की वर पापुद्रा आणि खाली नुसता चिखल. जीप जाईना. कॅम्पवर गॅस संपलेला आणि संध्याकाळी पाहुणे येणार. तेव्हा कंपनीच्या मॅनेजरसाहेबाला साखळ्या आठवल्या. शाळेला सुट्टी होती म्हणून साहेब आणि अब्बांबरोबर मीही क्वाड लादलेल्या पिकअपमध्ये चढले.

अब्बांनी मागच्या चाकांना साखळ्या घातल्या आणि इतक्या आवळल्या की खाली बोट शिरेना. थोडं पुढे जाऊन थांबले, पुन्हा आवळल्या. "कातडीसारखी बसली पाहिजे," मला म्हणाले, "सैल पडली की तिचा चाबूक होतो." मग मागच्या कॅरियरवर गॅसचा सिलिंडर बांधला.

सबख्याच्या आधी मऊ वाळूचा एक पट्टा होता. तिथे अब्बा उतरले आणि टायरमधली हवा सोडली. वाळू आली की हवा सोडायची म्हणजे टायर पसरतो, रुतत नाही; ही त्या देशात हाताला लागलेली सवय. डोकं त्यात पडतच नाही. मीही पाहत होते, मलाही काही वाटलं नाही. क्वाडने वाळू आरामात पार केली आणि ती सबख्यावर उतरली. मागून चालत आलेले साहेब आणि मी काठावर थांबलो.

आधी आवाज आला. खट्. मग खट् खट्. टायर बसला होता, साखळी तेवढीच राहिली होती. प्रत्येक फेऱ्याला तिचा वेढा उसळून मडगार्डवर आपटत होता, अब्बांच्या पोटरीमागे, सिलिंडरच्या खाली. मी साहेबाकडे वळले.

"साहेब, थांबवा त्यांना! साखळी सुटतेय!"

"बेटा, रुकेगा तो धँसेगा," साहेब म्हणाला आणि हात हलवून ओरडला, "यल्ला उस्ताद, रुकना नहीं!"

अब्बांनी मागे वळून पाहिलं, मग खाली. त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय हे मलाही दिसलं. तरी अंगठा थ्रॉटलवरून निघेना. त्यांची नजर साखळीवरून उठली आणि साहेबाच्या हलणाऱ्या हाताकडे गेली. त्या नजरेची वाटली इतकी भीती मला त्या साखळीचीही वाटली नव्हती.

मी धावले. पापुद्रा फुटला, चिखल घोट्यापर्यंत आला, एक चप्पल आत राहिली. "अब्बा, थांबा! हवा सोडलीत तुम्ही!"

"ए लडकी!" मागून साहेब.

"मागे हो! आत येऊ नकोस!" अब्बा ओरडले आणि मला अडवायला त्यांनी थ्रॉटल सोडला. चाक शेवटचं फिरलं तशी साखळी तुटली. तिच्या टोकाने मडगार्ड फाडलं आणि ते सिलिंडरच्या बुडावर ठण्णकन आदळलं. आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. सिलिंडर फुटला नाही. क्वाड मात्र हळूहळू अॅक्सलपर्यंत चिखलात गेली.

अब्बा आपल्याच चाकोरीतून पाय उपसत आले आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेले.

"अब गाड़ी कौन निकालेगा, उस्ताद?"

"सॉरी साहब," अब्बा म्हणाले.

मी तोंड उघडलं. दंडावरची बोटं घट्ट झाली.

परतताना पाहिलं, त्यांच्या पँटचा पाय पोटरीवर फाटला होता. कातडीला ओरखडाही नव्हता. त्यांनी फाटका भाग आत दुमडला. "अम्मीला सांगू नकोस."

"व्हाय डिड यू से सॉरी?" मी रागाने विचारलं. चिडले की माझं इंग्रजीच बाहेर पडायचं.

"आपल्या व्हिसावर सही त्याची होते," ते म्हणाले. "तुझ्यासुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाचा फोन आला: दुसरी क्वाड घेऊन जा, कालची ओढून काढ. अब्बा उरलेल्या साखळ्या पोत्यात भरत होते. मी युनिफॉर्म घालून दारातच उभी राहिले.

"हवा सोडणार नाही ना?"

"नाही गं."

"आणि साखळी सैल झाली तर? थांबाल?"

खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. अम्मी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचा हात थांबला होता. अब्बांनी पोतं खांद्यावर घेतलं, मला बाजूला केलं आणि जिना उतरता उतरता म्हणाले, "इन्शाल्ला."