आजीच्या तोंडाला कुलूप

नेत्रा म्हात्रेच्या नाकावर कायम राग. मिठागरात राबणाऱ्या बापाची ही पोर एसटीने पेणला जाऊन शिकली आणि आता गावाजवळच्या इंग्रजी शाळेत इंग्रजी शिकवते. पालकांशी गोड गोड बोलणं तिला जमत नाही, त्यामुळे वरिष्ठांची बोलणी तिच्या पाचवीलाच पुजलेली.

इंग्रजी वाक्प्रचार नुसते घोकून घेणं तिला मुळीच पटत नाही. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे गुपित फोडणं, अशी पोपटपंची करून कुणाचं भलं होणार? ती अर्थ समजावते आणि वर सांगते, "घरी विचारा, आपल्यात याला काय म्हणतात." एकदा तिच्या चुलतभावाची, प्रज्योतची मुलगी आरोही वर्गात उठून म्हणाली, "आजी म्हणते, तोंडात तीळ न भिजणं." नेत्राने तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

थोड्याच दिवसांत शाळेत तक्रार आली. वर्गात गावठी शिकवतात म्हणे! खाली सही प्रज्योतची. नेत्राचं टाळकंच सडकलं. शनिवारी दुपारी शाळा सुटली तशी ती तडक त्याच्या घरी गेली.

ओट्यावर सगुणाकाकी बसली होती, प्रज्योतची आई. मिठागरात या बाईची बडबड पार बांधापलीकडे ऐकू जायची. नेत्राची आई गेल्यावर तिला काकीनेच लहानाचं मोठं केलं होतं. आज मात्र काकीने नुसती मान हलवली आणि बस म्हणून हाताने खुणावलं.

"काकी बोलत का नाही रे, दादा?" तिने दारात आलेल्या प्रज्योतला विचारलं.

"मीच सांगितलंय," प्रज्योत म्हणाला. "आरू घरात असली की गप बसायचं. पोरीचं इंग्लिश बिघडतं. माझं बोलणं ऐकून कंपनीतले साहेब हसतात, ते मी सोसलं. तिला कुणी हसलेलं मला चालणार न्हाय."

"म्हणून आईचं तोंड शिवलंस? लाज नाही वाटत? जिने तुला बोलायला शिकवलं, तिनेच नातीशी बोलायचं नाही? तुझ्या पोरीला इंग्रजीचा अर्थ कळतोय तो या बाईमुळे कळतोय. फी भरलीस म्हणून अक्कल आली नाही तुला!"

"आवाज चढवू नको, नेत्रा. माझ्या घरात काय करायचं ते मी बघीन."

"भांडू नका रं," काकी धडपडत उठली. "मना पन येतं आता. आरूनं शिकवलंय, गुपचूप."

तिने पदर सावरला, पोराकडे बघितलं आणि एकेक शब्द जपून उच्चारला, "इट्स... रेनिंग... कॅट्स अँड डॉग्ज."

मुसळधार पाऊस पडतोय म्हणे, आणि बाहेर तर ऊन रणरणत होतं. नेत्राच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. काकीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"बराबर हाय ना रं, बाला?" तिने प्रज्योतला विचारलं. "आता बोलू ना आरूशी?"