विस्तवाशिवाय तापलेलं पाणी

भर मे महिन्यात कढत पाण्याने आंघोळ करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा आहे. त्या दिवसांत नाचणगावात माणसं माठ, कूलर आणि सावली एवढ्यावर तग धरून असतात. मावसाजींच्या मागच्या अंगणातून मात्र सकाळी न चुकता धूर निघतो. परका माणूस घाबरून विचारतो, कुठे आग लागली का? गावातला शांतपणे सांगतो, नाही, शेठजीची आंघोळ आहे. तांब्याचा बंब, त्यात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा जाळ, आणि समोर पाटावर बसून पाण्याला वाफ धरायची वाट बघणारे मावसाजी, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि त्यात पऱ्हाटीखेरीज काही बदललेलं नाही. पुलगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानात सगळं मिळतं, गिझर मिळत नाही. गिऱ्हाइकाने विचारलंच तर ते म्हणतात, "गिझरचं पानी तापते, पन त्यात जीव नसते," आणि त्याला परातींच्या रांगेकडे घेऊन जातात.

स्वतः आंघोळ करून गप्प बसले असते तर त्यांच्यावर लिहायची वेळ आली नसती. पण घरी आलेल्या माणसाला चहा विचारायच्या आधी ते विचारतात, "आंघोय झाली का?" झाली म्हटलं तर म्हणतात, "कायची झाली! थंड्या पान्याची ना?" एकदा दुकानाची पाहणी करायला नागपूरहून निघालेले विम्याचे एक साहेब आधी घरी आले होते. सोबत फाईल, गळ्यात टाय. तासाभराने ते मागच्या दाराने बाहेर आले तेव्हा टाय खिशात होता, केस ओले होते, अंगाला उटण्याचा वास होता आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की दुकान बघायचं राहून गेलं हे त्यांना वर्ध्याला पोचल्यावर आठवलं. त्यांची पाठ अर्थातच मावसाजींनी स्वतः घासली होती. पाठीच्या बाबतीत त्यांचं तत्त्वज्ञान पक्कं आहे. "आपली पाठ आपल्याले दिसत नाई. ते दुसऱ्याच्या भरोशावर असते," असं म्हणत वाळक्या घोसाळ्याची घासणी घेऊन ते मागे बसले की माणसाने भिंतीचा आधार घ्यावा. माझ्या लग्नात मला हळद चढली होती असं फोटोत दिसतच नाही, कारण आदल्या दिवशी मावसाजींनी मला लाल करून ठेवलं होतं.

त्यांची स्वतःची पाठ मावशी घासायची. घासताना दुकान, नातेवाईक आणि शेजारी या क्रमाने सगळ्यांचा उद्धार करायची, आणि ते डोळे मिटून "हं, हं" म्हणायचे. मावशी गेली आणि त्यांनी पाठीला कोणाचा हात लागू दिला नाही. मी एकदा घासणी उचलली होती. त्यांनी ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे. तुले नाई जमत." मला खरंच वाईट वाटलं होतं, पण त्यांनी लगेच माझीच पाठ घासायला घेतल्यामुळे ते दाखवायला सवड मिळाली नाही.

त्यांचा दुसरा हट्ट निरोपाचा. जाणाऱ्याने "येतो" म्हणायचं, राहणाऱ्याने "येजो", म्हणजे पुन्हा ये, म्हणायचं. त्यात फरक चालत नाही. कोणाच्या तोंडून "जातो" निघालं की त्याला पुन्हा आत बोलावलं जातं, पुन्हा बसवलं जातं, पुन्हा चहा होतो आणि निघणं पहिल्यापासून सुरू होतं. स्टीलच्या डब्यांचा एक विक्रेता या पायी अमरावतीची शेवटची गाडी चुकला आणि ओसरीवर मुक्कामाला राहिला. सकाळी त्याची आंघोळ झाली हे सांगायला नको.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने जपानमध्ये लग्न केलं. बेबी तिकडे नोकरीला गेली, तिथे केंजी भेटला आणि एका कचेरीत सह्या करून दोघं नवरा-बायको झाले. तिने फोन करून सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. मावसाजींनी नाव नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कानजी? गुजराती हाये का?" जपानी आहे हे कळल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही, शाप दिला नाही. एवढंच म्हणाले, "पाठवनी झाली नाई, तं लग्न कसं झालं?" बस्स. पोरीला दाराबाहेर निरोप देणं हा बापाचा हक्क होता आणि तो कोणीतरी परस्पर वापरून टाकला होता. त्यानंतर बेबीशी त्यांचं रोज बोलणं व्हायचं. तब्येत, पाऊस, कापसाचा भाव, सगळं व्हायचं, शेवटी "येजो" म्हणून फोन ठेवायचे. केंजी मागे उभा राहून हसत मान लववायचा. मावसाजी त्याचा उल्लेख "तिकडचा मानूस" असा करायचे.

बेबी बापाचीच लेक. तिने एक दिवस सहज म्हटलं, "बाबा, इथं डोंगरातून गरम पानी निघते. आंघोईचं."

"विस्तव कोन लावते?"

"कोनीच नाई. आपोआप."

दुसऱ्या दिवशी मावसाजींनी बाजारात जाहीर केलं की आपण जपानला पाणी पाहायला जात आहोत. मुलीकडे नाही, पाणी पाहायला. सोबत मी, कारण नातेवाइकांत पासपोर्ट माझ्याकडेच होता आणि पिपरी मेघेच्या आमच्या घरून माझ्या बायकोने आनंदाने परवानगी दिली. बेबीने मला वेगळा फोन केला. "दादा, मले काही नको. त्याईनं याले एकदा जवाई म्हनावं, बस." मी बघतो म्हणालो. मावसाजींच्या तोंडून शब्द काढणं माझ्या हातात असतं तर मी कारकून राहिलो नसतो.

बेबी आणि केंजी आम्हाला घेऊन गेले ती सराई डोंगराच्या कुशीत, खळखळत्या ओढ्याच्या काठी होती. जुनं लाकडी घर, सरकती कागदी दारं, समोर लाकडी पूल. दारात मालकीणबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी कपाळ जमिनीला लावलं. मावसाजींनीही लगेच दंडवत घातला. बाई आणखी वाकल्या, म्हणून हेही आणखी वाकले. शेवटी केंजीने दोघांच्या मध्ये जाऊन बूट काढायला सुरुवात केली तेव्हा तो प्रकार थांबला. खोलीत खुर्ची नाही, पलंग नाही, चटईवर गाद्या. "अगदी आपल्यावानी हाये," मावसाजी म्हणाले, "फक्त कोनी ओरडून नाई राह्यलं." तिथे सगळ्यांनी एक सैल सुती झगा घालायचा असतो. मावसाजी तो घालून बाहेर आले आणि बाई धावत येऊन, क्षमा मागत मागत त्यांच्या झग्याच्या कडा उलट्या करून देऊ लागल्या. उजवी बाजू वर आली की तो मेलेल्या माणसाचा वेश होतो, असं बेबीने सांगितलं. मावसाजींनी बाईंकडे आदराने पाहिलं. "मी मेलो नाई हे सांगाले पयत आली. चांगली बाई हाये."

मला काळजी न्हाणीची होती. तिथे अंगावर एक सूत न ठेवता उतरायचं असतं, आणि मावसाजींना मी पंच्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला तर नाहीच नाही. ते उंबऱ्याशी थबकले. आतले म्हातारे जपानी गृहस्थ गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर पंच्याची घडी होती. मावसाजींनी तो प्रकार नीट अभ्यासला. मग पंचा सोडला, घडी घातली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "इथं लाज झाकाची नसते, डोक्यावर घ्याची असते." आणि बाजारातून चालावं तसे चालत आत गेले. त्यांच्या मागून मी कसा गेलो ते सांगत नाही.

आधी काठावर अंग घासायचं, मगच पाण्यात उतरायचं, हा नियम ऐकून ते इतके प्रसन्न झाले की त्यांनी तो मला दोनदा सांगितला. बसायला बुटका लाकडी पाट होता, पाणी घ्यायला लाकडी घमेलं होतं. बाजूला ओढा वाहत होता, त्या पाण्यावर वाफ तरंगत होती. बांबूच्या कुडापलीकडे बायकांची न्हाणी, तिथून बेबीचं पाणी ओतणं ऐकू येत होतं. मावसाजी पाटावर बसले आणि त्यांनी आपल्या थैलीतून एक पुडी काढली. उटणं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज नरकचतुर्दशी आहे, आणि पाणी पाहायला निघालेला माणूस नाचणगावहून दोघांना पुरेल एवढं उटणं घेऊन आलेला आहे.

ते पुडी सोडत होते तेवढ्यात केंजी आला. डोक्यावर पंचा, हातात साबण लावलेला कपडा. तो मान लववून मावसाजींच्या मागे बसला आणि काही न बोलता त्यांची पाठ घासू लागला. जपानमध्ये मुलगा बापाची पाठ घासतो, तो मोठा मान असतो, हे मला नंतर कळलं. मावसाजींना तेव्हा एवढंच कळलं की सासऱ्याच्या पाठीला जावयाचा हात लागला आहे. विंचू चावावा तसे ते उठले आणि ओरडले, "अरे, काय करून राह्यला! पाप लागन मले! जवायानं सासऱ्याची पाठ घासाची नसते!"

कुडापलीकडचं पाणी थांबलं.

"बाबा," बेबीचा आवाज आला, "काय म्हनलं तुमी?"

डोक्यावरचा पंचा सावरत मावसाजी उभे होते. शब्द परत घ्यायचा तर पाठ घासू द्यावी लागते, आणि पाप टाळायचं तर शब्द कायम होतो, असा पेच मी त्यांच्या तोंडावर स्पष्ट पाहिला. मग जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य ते बोलले. "पानी लय गरम हाये इथलं." पाण्यात त्यांनी अजून बोटसुद्धा घातलं नव्हतं.

पलीकडे बेबी हसत होती की रडत होती ते सांगता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही.

मावसाजींनी केंजीला खांदा धरून पाटावर बसवलं आणि त्याला उटणं लावलं. पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाला लावतात तसं, शिस्तीत. मग पाठ घासली. केंजीने आवाज काढला नाही, पण त्याचे कान लाल झाले. घासून झाल्यावर मावसाजींनी त्याचा साबणाचा कपडा उचलून त्याच्या हातात दिला. मग त्याच्यासमोर पाठमोरे बसले. "घास मंग," ते म्हणाले. "पन हयू. लय दिवसाची राह्यली हाये." केंजीला त्यातलं अक्षर कळलं नसावं. त्याने हळूच घासली. मावसाजींनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने, कोणी काही बोलत नसताना, ते "हं, हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेबी आणि केंजी कामासाठी परत निघाले, आम्हाला एक दिवस जास्त होता. मावसाजींनी बेबीच्या ओंजळीत तांदूळ आणि सुपारी घातली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि गाडीपर्यंत तिच्या मागे मागे गेले. मालकीणबाई पुलावर हात हलवत उभ्या होत्या. तिकडे पाहुण्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत असं उभं राहायची रीत आहे. मावसाजी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पाठवणीला लागतं ते सगळं होतं. मावशी तेवढी असायला हवी होती.

गाडी सुरू झाली आणि केंजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. फोन ठेवताना मावसाजी जे म्हणतात ते निरोपाला म्हणायचं असतं, असा त्याचा समज होता. तो मोठ्याने ओरडला, "येजो, बाबा! येजो!"

साफ उलटं. जाणाऱ्याने येजो म्हणायचं नसतं. मी मावसाजींकडे पाहिलं. आता गाडी परत बोलावली जाणार, पुन्हा चहा होणार, निघणं पहिल्यापासून सुरू होणार.

मावसाजींनी हात वर केला. गाडी वळणाआड गेली तरी तो खाली आला नाही.

"येतो," ते म्हणाले. "येतो, जवाईबापू."