बोंडीच्या गावात कुणी नाही

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या आपल्या स्टुडिओत ज्योत्स्ना महाजनने आजवर किती पोरींचे स्थळासाठी फोटो काढले असतील, देव जाणे. पदर सावर, हनुवटी खाली, हं, आता हसू नको, पण हसल्यासारखी दिस. त्या पोरी उजवल्या, बाळंतपणाला माहेरी आल्या, लेकरांचे फोटो काढायलाही हिच्याच दारात आल्या. हिचं मात्र जमलं नाही ते नाहीच. आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं, आणि मग लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. आता सत्तेचाळीस. वर राहायचं, खाली स्टुडिओ. दिवसभरात बोलणं काय, तर "पासपोर्ट साइज का? किती कॉपी?" बस.

अशा बाईने पुस्तक करायला घ्यावं, तेही लहान मुलांचं! लोक हसले असते. पण हिने कुणाला सांगितलंच नाही, तर हसणार कोण? फोटो तिचे, चित्रं तिची, गोष्टही तिचीच. बुऱ्हाणपूरचा मोठा फोटो छापायचा आणि त्यावर काळ्या शाईने एक पोरगी काढायची. डोकं कापसाच्या बोंडासारखं, म्हणून नाव बोंडी. बोंडी जिलेबीच्या रिकाम्या कढईत अंघोळीला बसते, राजघाटाच्या पायऱ्यांवर घसरगुंडी करते, केळीच्या पानावर बसून तापी ओलांडते. खाली ज्योत्स्नाच्या वळणदार अक्षरात दोन-दोन ओळी.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती स्वतःशीच मोठ्याने बोलून दाखवायची. आपल्यामागे एखाद्या लेकराने आपलं काहीतरी उशाशी घेऊन झोपावं. पोटचं नाही तर नाही, हातचं तरी.

बोंडीला पानावर जागा लागायची. म्हणून ज्योत्स्ना तांबडं फुटताच कॅमेरा घेऊन निघायची. तरी कुणी फ्रेममध्ये आलंच, तर थांबायची. सायकलवाला जाऊ दे, म्हैस जाऊ दे, मग क्लिक. स्टुडिओ मूळचा वडिलांचा, त्यांची शिस्तच तशी होती, फोटोत फालतू माणूस नको. आठ महिने असे गेले, बावीस पानं झाली. जळगावच्या एका प्रकाशकाने मोबाइलवर दोन पानं पाहिली आणि कळवलं, सगळं पाठवा, पण आधी मुलांना वाचून दाखवा.

आता मुलं आणायची कुठून? जवळच्या फोपनार गावातल्या एका शाळेत ती दरवर्षी ओळखपत्रांचे फोटो काढायला जाते. यंदा फोटो उरकल्यावर धीर करून सरांना म्हणाली, "दहा मिनिटं देता का?" दुसरीची पोरं सतरंजीवर बसली. हिने भीत भीत पहिलं पान उघडलं. पण कढईपाशी पोरं हसली, घाटावर तर लोळायचीच बाकी राहिली, आणि ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पुढे बसलेल्या शीतल नावाच्या पोरीने बोट वर केलं.

"मॅडम, लॉकडाऊन लागलेला आहे का?"

"कुठे गं?"

"बोंडीच्या गावात. एक बी माणूस नाही दिसत."

"सब मर गए क्या?" मागून एक कारटं ओरडलं. सगळी खिदळली. शीतल नाही हसली. "मग तिला भीती नाही वाटत का?"

ज्योत्स्नाने घाईघाईने पानं मागे उलटली. कढई होती, जिलेबीवाला नव्हता. घाट होता, धुणं धुणाऱ्या बायका नव्हत्या. केळीच्या पानावरून बोंडी हात हलवत होती, पण काठावर कुणी नव्हतं. आठ महिने ही पानं तिने जिवापाड जपली, आणि तिला हे दिसलं नाही! दिसणार कसं म्हणा, तिचं रोजचं जगणंच तसं होतं.

"वाटते," ती म्हणाली. "खूप वाटते." सर खिडकीबाहेर बघायला लागले.

पुस्तक तिने पाठवलं नाही. तीन दिवस स्टुडिओचं शटर अर्धंच उघडलं. चौथ्या दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, ती कॅमेरा गळ्यात घालून समोरच्या रश्मी वहिनींच्या दारी गेली. बारा वर्षांचा शेजार, पण हळदीकुंकवापलीकडे उंबरा ओलांडलेला नाही. वहिनी पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, एक काम होतं. आपल्या गल्लीचा फोटो काढायचाय. तुम्ही त्यात राहाल का?"

वहिनी बघतच राहिल्या. "मी? अगं, तुला तर रिकामी गल्ली लागते ना?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे! मी सकाळी सडा टाकायला दारात असते. तू कॅमेरा घेऊन खाली उतरलीस, की मी बादली उचलून आत व्हायची. म्हटलं, आपल्यापायी पोरीचा फोटो बिघडायला नको."

"रोज?"

"रोज. कितीदा वाटलं, हाक मारावी, चहा टाकलाय म्हणावं. पण मग म्हटलं जाऊ दे, तिला एकटं राहायलाच आवडतं."

ज्योत्स्नाने गळ्यातला कॅमेरा काढून पायरीवर ठेवला.

"नाही आवडत हो, वहिनी," ती म्हणाली, आणि भर गल्लीत उभ्या उभ्या रडायला लागली. या वेळी रश्मी वहिनी आत गेल्या नाहीत.