करडीचं लेणं

आमच्या करडी गावात एक लेणं होतं, याची नोंद कुठल्याही इतिहासात नाही. ते मी खोदलं होतं. धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझं नुकतंच लग्न झालेलं, आणि बायकोला, शालूला घेऊन मी वेरूळ पाहून आलो होतो. आलो म्हणजे शरीरानं; मन तिकडंच, कैलास लेण्याच्या अंगणात हिंडत होतं. जेवताना मी सांगायचो, "बाबा, पयले साध्या खोल्या कोरल्या, मंग खांबाचे मंडप, अन् मंग अख्खा डोंगर कळसापासून खाली कोरत आनला!"

"अन् त्याईचं धान कोन चुरे?" मळणीच्या घाईत असलेले बाबा विचारायचे.

एके दिवशी सासरे लाखनीहून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. छाप पाडायची म्हणून मी विळा घेऊन खळ्यावर गेलो. तणसाचा ढीग कोवळ्या उन्हात सोन्याच्या डोंगरासारखा उभा! कळसापासून सुरुवात केली आणि घसरत पायथ्याशी आलो. (दोनदा!) मग इतिहासात जरा मागं जाऊन तिथंच गुहा कोरायला घेतली.

"अजी, काय करून राह्यले?" शालूनं विचारलं.

"गाभारा!"

"बैलाइचा चारा हाय जी तो!"

दुपारपर्यंत दोन खांबांचा मंडप आणि आत गाभारा तयार! मी आत आडवा झालो. नव्या धानाचा वास, काड्यांतून झिरपणारा पिवळा उजेड, लांब तळ्यावर एखादी टिटवी... त्या जुन्या कारागिरांनाही काम संपल्यावर असंच तरंगल्यासारखं वाटलं असेल, असं म्हणत डोळे मिटले.

बाहेर आमचा पवळ्या बैल आला. त्यानं मंडपाचा डावा खांब खाल्ला. मग उजवा.

जाग आली तेव्हा कळस छातीवर होता! ओरडायला तोंड उघडलं, तर तोंडभर तणस. गुडघ्याखालचे पाय तेवढे बाहेर उन्हात. आणि नेमका सासऱ्यांचा आवाज आला, "जवाईबापू कोठी हायेत?"

"हे का, पाय," बाबा म्हणाले. "बाकीचा येऊन राह्यला."

शालू रडत होती की हसत होती, तणसातून समजेना. आमच्याकडे जावयाच्या पाया पडायची रीत. सासऱ्यांनी आधी माझ्या पायांवर शांतपणे डोकं ठेवलं, आणि मग तेच पाय धरून मला बाहेर ओढलं.

त्यानंतर ते माझ्या पाया कधीच पडले नाहीत. शालू म्हणते, त्या दिवशी पडले तेही बाकीचा मी झाकलेला होतो म्हणून!